शेवटची फाइल जिंकते? एसएसएचडीत उलटं आहे
लिनक्सच्या सेटिंग फायलींवरच्या लेखातलं 'शेवटी वाचलेली फाइल आधीचीला मोडीत काढते' हे वाक्य सिस्टिमडीच्या (सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) ड्रॉप-इन, म्हणजे जोड-फायलींना, आणि सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फायलींना लागू पडतं. पण ओपनएसएसएचच्या (दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरला, म्हणजे एसएसएचडीला, तोच नियम लावलात, तिथे फसलात. एसएसएचडीत बहुतेक सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरली जाते, पुढचं सगळं सोडून दिलं जातं. सांगली स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. ज्याचा रुमाल आधी, सीट त्याची.

मला हे कळलं ते मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याच्या सर्व्हरवर. भाड्याचा, उबंटूवाला. मुख्य फाइलच्या तळाशी पासवर्ड लॉगिन बंद केलं, सेवा रिस्टार्ट केली, चहा घेऊन आलो. घरून जोडून बघतो तर पासवर्ड विचारतोय! दोन तास स्पेलिंग तपासत बसलो. मुख्य फाइलच्या अगदी वरच इन्क्लूडची, म्हणजे एका फोल्डरातल्या फायली तिथेच वाचून घ्यायला सांगणारी ओळ होती (ही सोय ओपनएसएसएच ८.२ आवृत्तीपासूनची, २०२०), आणि त्या फोल्डरात क्लाउड-इनिटने (नवा भाड्याचा सर्व्हर पहिल्यांदा मांडून देणारा प्रोग्रॅम) टाकलेली '५०'ने सुरू होणारी फाइल पासवर्डला 'येस' म्हणून बसली होती. माझी ओळ कुणी वाचलीच नाही. शेवटी त्याच फोल्डरात, '५०'च्या आधी वाचली जाईल अशी '०१'ने सुरू होणारी फाइल करून माझी ओळ तिथे टाकली, तेव्हा सुटलं.

आणि एसएसएचडीला कॅपिटल टी (-T) देऊन चालवलं की सगळ्या फायली मिळून नक्की काय लागू होतंय ते छापून येतं. लेखात याचा उल्लेखच नाही. फायली डोळ्यांनी ताडून बघायचा सल्ला मात्र दिलाय, तोच मी दोन तास पाळत होतो.