‘सुटलेल्या वाफेने फीड वॉटर तापवून काहीच वाचत नाही’ : मुद्द्यागणिक उत्तर

वाफेचं इंजिन किंवा छोटं टर्बाइन चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो. त्याचा सारांश असा : एक्झॉस्ट स्टीमने, म्हणजे इंजिनात काम करून सुटलेल्या वाफेने, बॉयलरचं फीड वॉटर (आत भरायचं पाणी) तापवणं म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकणं. वाफेतली उष्णता इंजिनाने आधीच वापरलेली असते. जे थोडं वाचतं ते बॅक प्रेशर, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूचा उलटा दाब, खाऊन टाकतं. गरम पाणी पंप उचलत नाही. हीटरला अवाढव्य क्षेत्रफळ लागतं. सिलिंडरमधलं तेल बॉयलरमध्ये जातं. आणि इंजेक्टर (वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं उपकरण) असेल तर तो पाणी गरम करूनच देतो, मग वेगळा हीटर कशाला?

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मजकूर टिकून आहे. पण अर्ध्या खऱ्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष पूर्ण चुकीचा आहे.

‘वाफेतली उष्णता इंजिनाने वापरलेली असते’

आकडे मांडून बघू. गेजवर 10 बार दाबाची कोरडी संपृक्त वाफ. तिच्यात किलोमागे 2781 किलोज्यूल असतात. फीड वॉटर 30 अंश सेल्सिअसचं, म्हणजे 126 किलोज्यूल. बॉयलरला प्रत्येक किलोमागे 2655 किलोज्यूल द्यावे लागतात. कंडेन्सर (सुटलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारं भांडं) नसलेलं इंजिन दर युनिटला, म्हणजे किलोवॅट-तासाला, 15 किलो वाफ खात असेल, तर किलोमागे काम होतं फक्त 240 किलोज्यूलचं. नऊ टक्के. बाकीचे 2500 च्या वर किलोज्यूल एक्झॉस्टच्या पाइपातून छपरावर जातात. वाफेचा दाब संपला, तापमान शंभराच्या आसपास आलं, पण अप्रकट उष्मा जवळजवळ तसाच राहिला. वातावरणाच्या दाबाला तो किलोमागे 2257 किलोज्यूल असतो. इंजिनाने वापरला तो दाब. ही उष्णता वापरलीच नाही.

आता तेच पाणी 95 अंशांवर नेलं, तर त्यात आधीच 398 किलोज्यूल असतील. बॉयलरवरचा भार 2655 वरून 2383 वर येतो. घट 272, म्हणजे 10.2 टक्के. कारखान्यांत चालणारा ठोकताळा, फीडचं तापमान सहा-साडेसहा अंशांनी वाढलं की एक टक्का इंधन वाचतं, तो इथूनच येतो.

खिशाची उपमा लागू पडते ती लाइव्ह स्टीमला. बॉयलरचीच ताजी वाफ फीड टँकमध्ये सोडून पाणी तापवलं, तर इंधन एक दमडीचंही वाचत नाही. बॉयलरला गार पाण्याचा धक्का बसत नाही, एवढाच फायदा. मजकूर लिहिणाऱ्याने या दोन वाफांची गल्लत केली आहे.

जाता जाता, दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही सांगायला हवं. एक्झॉस्ट हीटरने 25-30 टक्के बचत होते असं कोणी सांगत असेल, तर ते शक्य नाही. वातावरणाच्या दाबाची वाफ पाण्याला 100 अंशांपलीकडे नेऊ शकत नाही, त्यामुळे 30 अंशांच्या पाण्यावर कमाल मर्यादा 11 टक्के. पाणी 15 अंशांचं असेल तर फार तर तेराच्या जवळ.

‘बॅक प्रेशर सगळी बचत खातं’

बॅक प्रेशर वाढलं की ताकद जाते, हे खरं. सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब 3 बार असेल आणि एक्झॉस्टचा दाब 0.1 बारने वाढला, तर ताकद तीन टक्क्यांच्या वर घटते. प्रश्न असा की हीटरमुळे तो 0.1 बार वाढतो का? नीट बसवला असेल तर नाही.

सगळी वाफ हीटरमधून न्यायची गरजच नसते. मघाचं उदाहरण घ्या. उघड्या हीटरमध्ये, म्हणजे जिथे वाफ थेट पाण्यात मिसळते तिथे, एकूण फीडच्या 11 ते 12 टक्के वाफ पुरते. नळ्यांच्या बंद हीटरमध्ये 13 टक्क्यांच्या आसपास. बाकीची मुख्य पाइपातून सरळ बाहेर जाते. म्हणून मुख्य एक्झॉस्ट लाइनला टी लावून फक्त एक फाटा हीटरकडे न्यायचा. हीटरमध्ये वाफेचं पाणी होतं, तिचं आकारमान हजारपटीहून जास्त घटतं, आणि हवी तेवढी वाफ आपोआप ओढली जाते. अशा जोडणीत इंजिनाला हीटर आहे की नाही हे कळतही नाही.

तासाला 1000 किलो वाफेच्या बॉयलरला फाट्यातून सुमारे 120 किलो वाफ जाते. वातावरणाच्या दाबाला किलोमागे 1.67 घनमीटर, म्हणजे तासाला 200 घनमीटर. वेग सेकंदाला 25 मीटर धरला तर आतला व्यास 53 मिलिमीटर निघतो. 65 चा पाइप घ्या, निवांत. पण तीच संपूर्ण 1000 किलो वाफ कोणी त्या पाइपात कोंबली, तर बॅक प्रेशर वाढणारच. तिला 150 लागतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एक्झॉस्टचा पाइप वाकवून थेट टँकच्या तळाशी बुडवणं. पाण्याखाली एक मीटर तोंड असेल तर तेवढ्यानेच 0.098 बारचा अडथळा आला. शिवाय गार पाण्यात वाफेचे मोठे बुडबुडे एकदम फुटून टँक ठोकल्यासारखा वाजतो, वेल्डिंग सुटतात. या जुगाडाचा अनुभव घेऊन ‘बॅक प्रेशर बचत खातं’ असं म्हटलं जातं. दोष बुडवलेल्या पाइपाचा आहे. उघड्या हीटरमध्ये उलटं करायचं : वाफ पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेत सोडायची आणि गार पाणी वरून तबकांवरून किंवा फवाऱ्याने तिच्यात पाडायचं.

बुडवलेल्या पाइपाचा खरा धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. इंजिन थांबलं की पाइपातली वाफ थंड होऊन पोकळी तयार होते आणि टँकचं पाणी मागे सिलिंडरकडे ओढलं जातं. पुढच्या वेळी इंजिन फिरवताना पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दबत नाही, मग सिलिंडरचं झाकण फुटतं नाहीतर रॉड वाकतो. म्हणून फाटा हीटरच्या पाणीपातळीपेक्षा उंच नेऊन मगच खाली उतरवायचा, सर्वात उंच जागी व्हॅक्युम ब्रेकर (पोकळी झाली की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) लावायचा, फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि इंजिनाजवळच्या खालच्या बिंदूला ड्रेन ठेवायचा. इंजिन सुरू करण्यापूर्वी सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडायचे, हे तर हीटर नसला तरी करायचंच असतं.

‘गरम पाणी पंप उचलत नाही’

उचलत नाही हे बरोबर आहे. पण त्याला उचलायला सांगतं कोण?

पाणी 30 अंशांचं असताना त्याचा बाष्पदाब 0.04 बार असतो, 80 अंशांना 0.47, 95 अंशांना 0.845. हवेचा दाब 1.013. म्हणजे 95 अंशांना पाण्याला पंपात ढकलायला 0.168 बार उरतो, सुमारे 1.8 मीटर पाण्याचा स्तंभ. पंपाला एनपीएसएच, म्हणजे पाणी आत उकळू नये म्हणून सक्शनला लागणारा किमान दाब, 2.5 मीटर लागत असेल, सक्शन लाइनची घर्षणहानी अर्धा मीटर, आणि अर्धा मीटर हाताशी राखून ठेवला, तर एकूण 3.5 मीटर हवेत. तेव्हा टँकमधली किमान पातळी पंपाच्या मध्यापेक्षा किमान 1.7 मीटर उंच. पाणी उकळीच्या टोकाला असेल तर पूर्ण साडेतीन मीटर. जमिनीवर ठेवलेल्या टँकशेजारी जमिनीवरच पंप बसवला, तर तो खडखडतो, दाब पडतो, इंपेलरला खड्डे पडतात, ग्लँडमधून वाफ येते. तक्रार पंपाची होते, दोष उंचीचा असतो.

सक्शन लाइन डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठी, बेंड कमी, स्ट्रेनर (गाळणी) मोठ्या क्षेत्रफळाचा आणि नियमित साफ केलेला. अर्धा चोंदलेला स्ट्रेनर थंड पाण्यात खपून जातो, 95 अंशांना नाही.

उंची मिळतच नसेल तर बंद हीटर पंपाच्या पुढे, डिलिव्हरीवर बसवा. पंप थंडच पाणी हाताळेल, नळ्यांमधलं पाणी बॉयलरच्या दाबाखाली असल्याने उकळणार नाही. त्याची किंमत अशी की नळ्या, ट्यूब प्लेट आणि वॉटर बॉक्स बॉयलरच्या पूर्ण दाबाला टिकणारे हवेत. हीटरला बायपास हवा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असताना नळ्यांबाहेर वाफ चालू राहिली, तर कोंडलेलं पाणी फुगून जोड फोडतं, म्हणून पाण्याच्या बाजूला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच.

पंप पातळी पाहून चालू-बंद होत असेल तर डिलिव्हरीवरच्या हीटरची बचत बरीच घटते. पंप बंद असताना एक्झॉस्ट फुकट जाते, आणि चालू झाला की पाणी इतक्या वेगाने पळतं की तापतच नाही. फीड सतत, इंजिनाच्या भाराबरोबर कमी-जास्त होणारी ठेवा.

‘हीटरला अवाढव्य क्षेत्रफळ लागतं’

तासाला 1000 किलो पाणी, 30 वरून 90 अंशांवर, बाहेर 102 अंशांची वाफ : 70 किलोवॅट. वाफ आणि पाणी यांच्यातला सरासरी (लॉगरिदमने काढलेला) तापमानफरक 33.5 अंश. उष्णतावहन गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला 1500 वॅट धरला तर 1.4 चौरस मीटर. नळ्यांवर तेल-क्षार बसून गुणांक 800 वर आला तरी 2.6 चौरस मीटर. अवाढव्य यात काहीच नाही. मात्र 90 ऐवजी 98 अंशांचा हट्ट धरलात तर तेवढ्यासाठी क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त लागतं. ते शेवटचे आठ अंश महाग असतात.

हीटर तापत नसेल तर नळ्यांआधी दोन गोष्टी तपासा. शेलमध्ये हवा अडकली आहे का. व्हेंट वाफेच्या प्रवेशापासून सर्वात लांबच्या टोकाला हवा. आणि साठलेल्या पाण्यात खालच्या नळ्या बुडाल्या आहेत का. या वाफेला दाब नसतो, त्यामुळे ट्रॅपनंतरचं (ट्रॅप म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) पाणी ती वर चढवू शकत नाही. निचरा उतारानेच झाला पाहिजे. दीड मीटरचा यू-पाइप इथे ट्रॅपपेक्षा भरवशाचा.

‘तेल बॉयलरमध्ये जातं’

हा त्या मजकुरातला सर्वात वजनदार मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. टर्बाइनच्या एक्झॉस्टमध्ये तेल नसतं, तो प्रश्न तिथेच मिटतो. पिस्टन इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये सिलिंडर ऑइल असतंच. त्याचा अगदी पातळ थर नळीवर बसला तरी उष्णता पाण्यात जात नाही, धातू तापतो, नळी फुगते. पाणी फेसाळतं, गेज ग्लासमधली पातळी नाचते, वाफेबरोबर पाणी इंजिनात जातं.

बंद हीटर असेल तर तेल आणि फीड वॉटर एकमेकांना भेटतच नाहीत. निचऱ्याचं पाणी मात्र टँकमध्ये परत घेऊ नका. ते वेगळं काढा, तेल वेगळं केल्याशिवाय गटारातही सोडू नका.

उघडा हीटर असेल तर फाट्यावर, हीटरच्या आधी, आडव्या पट्ट्यांचा ऑइल सेपरेटर बसवा. तो तेलाचे थेंब पकडतो. हीटरमधलं उरलेलं तेल तरंगतं, ते वरच्या ओव्हरफ्लोने काढा आणि पंपाचं सक्शन तळापासून थोडं वर, पण पातळीच्या बरंच खाली घ्या. त्यापुढे दगडी कोळशाचा कोक आणि जाड टॉवेलच्या कापडाचे थर असलेला फिल्टर. कापड बदललं नाही तर तोच तेलाचा साठा होतो. हे सगळं करूनही पाणी दुधाळ दिसत असेल तर तेल पाण्यात मिसळून इमल्शन झालं आहे, आणि ते फिल्टरला जुमानत नाही. मूळ कारण बहुतेक वेळा चरबीयुक्त सिलिंडर ऑइल किंवा ल्युब्रिकेटरचा जास्त फीड. आधी तो कमी करा. तेवढ्यावर भागलं नाही तर तुरटीने साखळवून गाळणं, किंवा सरळ बंद हीटर.

‘इंजेक्टर पाणी गरम करूनच देतो’

आंरी जिफार यांनी 1858 मध्ये पेटंट घेतलेलं हे उपकरण सुंदर आहे, पण ते लाइव्ह स्टीम वापरतं. एक किलो वाफेने 12 किलो पाणी ढकललं, तर मिश्रण 79 अंशांवर येतं. ही सगळी उष्णता बॉयलरमधूनच आली आणि बॉयलरमध्येच गेली. बचत शून्य. इंजेक्टरच्या पुढे हीटर लावला तर 79 वरून 95, म्हणजे अडीच टक्के मिळतात. इंजेक्टरच्या आधी लावला तर इंजेक्टर चालायचाच थांबतो, कारण गरम पाण्यात वाफ पुरेशी थिजत नाही. म्हणून हीटरचा पूर्ण फायदा हवा असेल तर पंप हवा, नाहीतर एक्झॉस्ट स्टीमवर चालणारा इंजेक्टर. रेल्वे इंजिनांवर असे इंजेक्टर वापरले गेले. बॉयलरचा दाब जास्त असेल तर त्यांना थोडी लाइव्ह स्टीम जोडीला द्यावी लागते. लोकोमोटिव्हवर एक्झॉस्टच्या वाफेने तयार होणारा चिमणीचा झोत कमी होईल ही भीतीही आठव्या-नवव्या हिश्शाच्या वाफेमुळे फारशी खरी ठरत नाही, कारण जाळायचं इंधनही दहा टक्क्यांनी घटलेलं असतं.

जिथे तो मजकूर बरोबर ठरतो

कंडेन्सरवरचं इंजिन 0.1 बार निरपेक्ष दाबाला वाफ सोडत असेल तर ती वाफ 46 अंशांची असते. तिने पाणी 95 वर कसं जाईल? तिथे फीड पंपासारख्या साहाय्यक यंत्रांची एक्झॉस्ट किंवा टर्बाइनच्या मधल्या टप्प्यावरून काढलेली वाफ वापरतात, आणि तो हिशेब वेगळा.

इकॉनॉमायझर (बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने फीड वॉटर तापवणाऱ्या नळ्या) आधीच असेल तर दोन्ही बचतींची सरळ बेरीज करू नका. गरम पाणी धुरातून कमी उष्णता घेतं. तरीही इकॉनॉमायझरला 30 अंशांचं पाणी देऊ नये, कारण त्याच्या नळ्यांवर धुरातला ओलावा साठतो, आणि इंधनात गंधक असेल तर आम्ल. नळ्या बाहेरून सडतात.

इंधनाच्या हिशेबात न येणारी एक गोष्ट राहिली. 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, 90 अंशांना दीड-पावणेदोन. उघड्या हीटरचा व्हेंट नीट वाहता ठेवला तर तो तिथेच निघून जातो आणि ऑक्सिजन काढण्यासाठी पाण्यात घालायचं सोडियम सल्फाइट तेवढं कमी लागतं. एक मिलिग्रॅम ऑक्सिजनला साधारण आठ मिलिग्रॅम. बंद हीटरमध्ये हा फायदा मिळत नाही. तात्पुरत्या (पाणी तापवल्यावर जाणाऱ्या) कठीणपणाचा चुनाही उघड्या हीटरच्या तबकांवर बसतो. तबकं बाहेर काढून खरवडता येतात. बंद हीटरमध्ये तोच चुना नळ्यांच्या आत बसतो, त्यामुळे कठीण पाणी असेल तर आधी सॉफ्टनर लावा, मग हीटर.