सोयाबीनमध्ये तूर पेरणाऱ्यांना पोर्टफोलिओ कळत नाही, असं कोण म्हणतं?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला: भावकीच्या गटावरून, जुन्या शाळासोबत्यांकडून आणि माझ्याच एका विद्यार्थ्याकडून. मी परभणीत अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. म्हणून त्या पोरानं खाली विचारलं होतं, "मॅडम, खरंय का हे?" मजकूर असा:

"गुंतवणूक शिकायच्या नादी लागू नका. शेअर बाजार जुगार आहे, सेबीच म्हणते दहातले नऊ बुडतात. जमीन आणि सोनं कधी पडत नाही. पोर्टफोलिओ वगैरे पैसेवाल्यांचं काम. फारच वाटलं तर एसआयपी लावा, १५ टक्के पक्के. बाकी पैसा ओळखीच्या माणसाकडे ठेवा."

दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

"सेबीच म्हणते दहातले नऊ बुडतात." आकडा खरा आहे, पण तो कशाचा, हे गाळलंय. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला तो अभ्यास फ्यूचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांचा होता, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावर ठरावीक मुदतीसाठी केलेल्या सौद्यांचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. शेअर विकत घेऊन दहा वर्षं सांभाळणारा माणूस या हिशेबात मोजलेलाच नाही.

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लातूरला कुणी दाल मिल टाकली आणि तुम्ही तिच्यात चार आणे हिस्सा घेतला, तर मिल चालली की नफ्यातला वाटा तुमचा, बसली की तुमचाही पैसा बसला. शेअर म्हणजे एवढंच, एका चालत्या धंद्यातला हिस्सा. ऑप्शनच्या सौद्यात मात्र कुठलाही धंदा तुमच्या मालकीचा होत नाही. तिथं एकाचा नफा तोच समोरच्याचा तोटा, आणि दलाली व कर दोघांच्याही खिशातून. घेतलेला ऑप्शन ठरलेल्या तारखेला संपतो, तोवर दिवसागणिक झिजत राहतो. भाव वाढणार हा तुमचा अंदाज बरोबर निघाला, पण चार दिवस उशिरा निघाला, तरी पैसा गेलेला असतो.

त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे कुणी पुढे पाठवत नाही. हे सौदे करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे लातूर, नांदेड, परभणीसारख्या गावांतले. आणि सलग दोन वर्षं तोटा होऊनही त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त थांबले नाहीत. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. माझा एक जुना विद्यार्थी खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा. बापानं सोयाबीन विकून पाठवलेले ४० हजार त्यानं तीन आठवड्यांत ऑप्शन्समध्ये घालवले. त्याला मोबाइलवर सौदा कसा करायचा ते कुणीतरी शिकवलं होतं. आपण नेमकं काय विकत घेतोय, हे कुणी शिकवलं नव्हतं. हे आकडे दाखवून "शिकू नका" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

"जमीन आणि सोनं कधी पडत नाही." सोनं पडतं. वर्षाच्या सरासरीनं पाहिलं तर २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ साली तो २६ हजारांच्या घरात आला. सरासरी पुन्हा ३१ हजारांवर यायला २०१८ साल उजाडलं. तेवढ्या काळात महागाई थांबलेली नव्हती. पुढे सोन्यानं चांगली झेप घेतली, २०२५ मध्ये लाखाचा टप्पा ओलांडला, हेही तितकंच खरं. घरात थोडं सोनं असावं असंच मी म्हणेन. पण लग्नातला हार म्हणजे गुंतवणूक धरायची, तर मोडताना घडणावळ परत मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

जमिनीची अडचण वेगळी आहे. मुलीच्या फीसाठी तीन लाख लागले तर तीन लाखांची जमीन कापून देता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, एकाची सही राहते. आणि वेळ कधी येते? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी एकाला जमीन विकायची पाळी येते तेव्हा शेजारच्या दहा घरांवरही तीच पाळी असते. विकणारे दहा आणि घेणारा एक, मग भाव कोण ठरवणार?

"पोर्टफोलिओ पैसेवाल्यांचं काम." पोर्टफोलिओ म्हणजे आपला पैसा कुठं कुठं आणि किती वाटून ठेवला, ती मांडणी. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण आपल्याकडचा अडाणी म्हणवला जाणारा शेतकरी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतोय. सोयाबीनचे चार तास (ओळी) आणि तुरीचे दोन, असा पेरा का करतात? श्रावणात पावसानं ओढ दिली तर सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत. तूर मात्र उशिराची, खोल मुळाची. परतीच्या पावसावर ती सावरते. दोन्ही पिकं एकाच दिवशी एकाच कारणानं मार खात नाहीत, म्हणून ती शेजारी शेजारी. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९५२ साली हेच गणितात मांडलं: एकेका शेअरची जोखीम सुटी पाहून भागत नाही, ते एकमेकांच्या सोबतीनं कसे चढतात-उतरतात ते पाहावं लागतं. १९९० साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुद्दा नगांच्या संख्येचा नाही, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. पाच एकरांत सोयाबीनचे पाच वाण पेरले म्हणजे जोखीम वाटली गेली असं होत नाही; पाऊस गेला की पाचही जातात. भावाचंही तसंच. २०२१ साली लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं, २०२४ च्या हंगामात ते ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकलं गेलं. वाण कुठलाही असो, पडलेला भाव सगळ्यांना एकच. म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांचा पैसा गोळा करून तो बऱ्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये लावणारी योजना; तिचंही असंच होतं. पाच फंड घेतले आणि पाचांतही त्याच मोठ्या कंपन्या असल्या, तर तुमच्याकडे एकच फंड पाच नावांनी आहे. वाळूजला गाड्यांच्या कारखान्यात कामाला असलेल्यानं सगळी बचत गाड्यांच्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली, तर मंदीत त्याचा ओव्हरटाइम आणि त्याची शिल्लक एकाच महिन्यात आटेल.

आणि १९७२ सारखा दुष्काळ पडला तर तूरही वाचत नाही. ती जोखीम पेरा बदलून जात नाही, तिच्यासाठी कणगीत दाणे लागतात. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, शेअरपासून लांब. त्याच्याही आधी सावकाराचं देणं. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ते कर्ज फेडण्याइतका खात्रीचा परतावा देणारी दुसरी कुठली गुंतवणूक मला तरी माहीत नाही. याला लाखो रुपये लागत नाहीत, क्रम कळावा लागतो.

"एसआयपी लावा, १५ टक्के पक्के." एसआयपी ही म्युच्युअल फंडात दरमहा पैसे भरण्याची शिस्त आहे, व्याजाचा करार नाही. महिन्याला ५ हजार २० वर्षं भरले तर तुमचे १२ लाख जातात. १५ टक्क्यांनी त्याचे सुमारे ७५ लाख दिसतात, १२ टक्क्यांनी ५० लाख, १० टक्क्यांनी ३८ लाख. 'पक्के' म्हणणारा ७५ चा आकडा दाखवतो आणि लेकराचं शिक्षण त्यावर बेतायला लावतो. शिवाय महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तेव्हाच्या ७५ लाखांत आजच्या साधारण २३ लाखांचाच माल येईल.

आणि वाट सरळ नसते. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकला होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता. साठ टक्के पडल्यावर पुन्हा मूळ जागी यायला दीडशे टक्के चढावं लागतं. ते झालं, २०१० च्या अखेरीस, पण २००९ मध्ये ज्याच्या घरात लग्न निघालं त्याला त्याचा काय उपयोग? पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको, असं मी म्हणते ते यामुळे.

"ओळखीच्या माणसाकडे ठेवा." माझ्या मावशीनं ठेवले होते. बीड जिल्ह्यातल्या एका मल्टीस्टेट पतसंस्थेत, १३ टक्के व्याजावर, शाखेतला माणूस नात्यातला म्हणून. शेत विकून आलेले सहा लाख होते. शाखेचं शटर खाली आल्यावर तो नातेवाईकही रडला, कारण त्याचेही तिथंच होते. बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून; त्याआधी ते एक लाखच होतं. शहरातल्या सहकारी बँकेलाही हा विमा लागू होतो, पतसंस्थेला होत नाही. पाटीवर काय लिहिलंय, 'बँक' की 'पतसंस्था', एवढा फरक मावशीला माहीत असता तर निदान पाच लाख सुरक्षित जागी असते. १३ टक्के देणारा तो पैसा स्वतः कुठं लावून किती कमावतो, हा प्रश्न तिनं विचारला नाही. आणि तिच्या घरातली शिकलेली माणसं, म्हणजे आम्ही, तेव्हा तिला काही बोललो नाही.

आता कुणी योजना घेऊन ओट्यावर येऊन बसलं की मावशी कागद हातात घेते आणि आधी मला फोन लावते. "याला इमा हाय का गं? आन्‌ हे एवढं याज देतेत कुठून?"