नोटरीचा शिक्का पुरत नाही
'अकरा महिन्यांचा भाडेकरार नोटरी केला की झालं' हे घर भाड्याने देण्यावरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य महाराष्ट्रात तरी चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघा. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची, नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं!

मीही स्टँपपेपरवर लाल शिक्का मारून निर्धास्त होतो. डिपॉझिट पन्नास की ऐंशी हजार, यावरून भाडेकरूशी जुंपली तेव्हा वकिलांनी कागद उलटा करून पाहिला आणि नुसते हसले. आता नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन घेऊन घरीच येतो. (आईचा अंगठा मात्र चारदा उमटला नाही, भांडी घासून रेषाच गेल्यात म्हणे.)