भरून टाक आणि मोकळा हो

२०२४ च्या डिसेंबरात अण्णांच्या मेलवर इन्कम टॅक्सचं पत्र आलं आणि आमच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. अण्णा झेडपीचे रिटायर्ड मास्तर, आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही, आणि मेलमध्ये "डिमांड" हा शब्द, म्हणजे टॅक्स बाकी आहे, भरा. आईचा फोन, "अरे ह्यांना सरकारची नोटीस आलीये, नीट जेवलेपण नाहीत."

पहिली गंमत म्हणजे ते पत्र उघडेचना. पासवर्ड असतो पॅन नंबर स्मॉल अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख. अण्णा सांगतायत श्रावणातली खरी तारीख, मी टाकतोय, उघडत नाही. शेवटी डोक्यात आलं, पॅनवर १ जून असणार! ज्या माणसानं स्वतः पहिलीच्या वर्गात पोरांना १ जून लावली तोच विसरला की त्याच्या मास्तरांनी त्यालाही तीच लावलेली.

रक्कम होती १२,४८०. मग सल्ले सुरू. शेजारचे काका म्हणाले भरून टाका, सरकारशी वाद कशाला. आमचे सीए सीझनच्या गडबडीत नव्हते तरी पत्र न उघडताच म्हणाले, छोटी अमाउंट आहे, भरून टाक आणि मोकळा हो. अण्णा तर तयारच बसलेले. आणि मला नेमका ह्या "भरून टाक"चाच राग येतो. अरे पण कशाचे? किराणावाला चाळीस रुपये जास्त लावतो तेव्हा आपण चिठ्ठी उलटसुलट करून बघतो, आणि इथं बारा हजार न वाचता द्यायचे?

तर वाचलं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की वाचता येतं. आलेलं पत्र कलम १४३(१) चं होतं, ज्याला सगळे नोटीस म्हणतात पण ती इंटिमेशन असते, म्हणजे रिटर्न तपासून बेंगळुरूच्या सीपीसीनं, खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्रानं, कळवलेला हिशोब. ज्यांचं सगळं जुळतं त्यांनाही येते. आत एक लांबलचक तक्ता, दोन कॉलम, एकात तुम्ही काय लिहिलंत आणि शेजारी त्यांच्या कॉम्प्युटरनं काय धरलं. कलमं, इंग्रजी सगळं सोडा, बोट ठेवून एकेक ओळ खाली या आणि कुठं आकडा बदलला ते बघा. पेन्शन सेम, एफडीचं व्याज सेम, बँकेनं कापलेला टीडीएस सेम. सेल्फ असेसमेंट टॅक्सच्या, म्हणजे रिटर्न भरताना उरलेला टॅक्स आपणच चलनानं भरतो त्या ओळीत आमच्या बाजूला १२,४८० आणि त्यांच्या बाजूला शून्य.

तोच आकडा! म्हणजे जुलैत भरलेले पैसे त्यांना दिसतच नव्हते. मी तोपर्यंत सरकारला यथेच्छ शिव्या घातलेल्या. चलनाची पावती काढली, बँक बरोबर, रक्कम बरोबर, असेसमेंट इयर २०२३-२४. कमाई २०२३-२४ ची असली की असेसमेंट इयर २०२४-२५ येतं, हे अख्ख्या जगाला सांगत फिरणाऱ्या माणसानं मोबाईलवरनं घाईत चुकीचं वर्ष टाकलेलं. तो माणूस मी. पैसे सरकारजमा, पण भलत्याच वर्षाच्या खात्यात.

तेव्हा "भरून टाक" ऐकलं असतं तर डबल भरले असते, आणि पहिले कुठं गेले ते कुणी शोधलंही नसतं.

दुसरं टोक म्हणजे काहीच न करणं. ते तर त्याहून वाईट. ३० दिवस उलटले की डिमांडवर महिन्याला १ टक्का व्याज चढायला लागतं, आणि पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता होतो. वळता करायच्या आधी कलम २४५ चं पत्र येतं, उत्तराला २१ दिवस मिळतात, पण ते मेल आपण जाहिरात समजून सोडून देतो. डिफेक्टिव्ह रिटर्नचं, म्हणजे रिटर्नमध्ये त्रुटी आहे असं सांगणारं १३९(९) चं आलं तर १५ दिवसच, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरू शकतात. १४३(२), म्हणजे सखोल तपासणी, किंवा १४८, म्हणजे जुनं प्रकरण पुन्हा उघडणं, असं दिसलं तर मात्र शहाणपणा न करता सीए गाठायचा, तिथं तक्ता वाचून भागत नाही.

आणि हो, पत्र खरं का खोटं ते आधी. रिफंड अडकलाय, लिंक दाबा असले मेसेज ढिगानं येतात. खऱ्या पत्रावर डिन, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा नंबर असतो, ऑक्टोबर २०१९ पासून, तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. मेसेज किंवा फोन करून कुणी ओटीपी किंवा कार्डाचा पिन मागितला की समजायचं भामटा आहे.

आमचं पुढं काय झालं? वर्ष ऑनलाईन बदलायची मुदत चलन भरल्यापासून काही दिवसांचीच असते, ती केव्हाच गेलेली. मग पोर्टलवर डिमांड मान्य नाही असं टाकलं, चलनाचा नंबर दिला, आणि आमच्या असेसिंग ऑफिसरला, म्हणजे आमच्या भागाच्या इन्कम टॅक्स अधिकाऱ्याला अर्ज, सोबत पावती. अर्ज अण्णांनी स्वतः लिहिला, "विनंती विशेष" पासून "आपला विश्वासू" पर्यंत, अक्षर मोत्यासारखं. चलन दुरुस्त झाल्यावर रेक्टिफिकेशन, म्हणजे हिशोब दुरुस्त करा अशी विनंती टाकली. काही महिने गेले आणि डिमांड शून्य.

आता १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, त्यात असेसमेंट इयर हे प्रकरणच काढून टाकलंय, ज्या वर्षी कमाई तेच टॅक्स इयर. माझ्यासारख्यांसाठीच केलं असणार. जुन्या वर्षांची पत्रं मात्र जुन्याच हिशोबानं येत राहणार.

अण्णा हल्ली मी चलन भरायला बसलो की चष्मा लावून मागं उभे राहतात. लाईटबिल भरत असलो तरी विचारतात, "वर्ष कुठलं टाकलंस?"