‘गाडी दारात जाते’ हे वाक्य आम्हाला कितीला पडलं

मागच्या आठवड्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. जावयाची बदली श्रीवर्धनकडे झालीय, सामान जळगावहून न्यायचंय. "अण्णांचं सामान तूच नेलं ना कोकणात? तो मूव्हर्सवाला कोण होता, नंबर टाक ना भाऊ." मी नंबर टाकला नाही. त्याऐवजी पाऊण तास बोलत बसलो, घरातले सगळे वैतागले, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. लांब आहे. चहा घेऊन बसा.

अण्णा म्हणजे माझे मोठे भाऊ. रेल्वेतली सगळी नोकरी भुसावळात. वहिनींचे वडीलही रेल्वेत, बदली होऊन भुसावळला आले आणि इथेच राहिले, त्यातून हे लग्न जमलं. मूळचे ते गुहागर तालुक्यातले. त्यांचं खाडीकाठचं घर वहिनींच्या वाट्याला आलं आणि अण्णा रिटायर झाल्या झाल्या म्हणाले, "पंचेचाळीस डिग्री पुष्कळ झाली. आता पाण्याजवळ राहू." हतनूरच्या बॅकवॉटरपलीकडे पाणी न पाहिलेला माणूस! पण वहिनींच्या डोळ्यांत असं काही चमकलं की कोणी वाद घातला नाही.

सामान हलवायचं काम मीच हौसेने अंगावर घेतलं. आमचा धंदा केळीचा. सावद्याहून दिल्लीकडे जाणारी गाडी रात्री भरायला उभं राहण्यात अर्धं आयुष्य गेलं. आयशर किती फुटी, माल किती बसतो, ड्रायव्हर कुठल्या ढाब्यावर झोपणार, सगळं तोंडपाठ. ट्रकचं मला कोण काय शिकवणार, असा तोरा होता.

तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने फोनवरच २९ हजार सांगितले, घर न बघता. दुसऱ्याने ४१. तिसऱ्याने माणूस पाठवला. त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, माळ्यावर चढून पाहिलं, वहीत सगळं लिहिलं आणि ४६,५०० म्हणाला. जाताना एक प्रश्न विचारला, जो पहिल्या दोघांनी विचारलाच नव्हता. "तिकडे गाडी कुठपर्यंत जाते?"

मी स्वयंपाकघरात डोकावून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रस्ता झालाय की आता." मी बाहेर येऊन सांगितलं, "दारात जाते." तो जरा थांबला. म्हणाला, "खाडीकाठचं गाव आहे साहेब, तिकडून कोणाकडून तरी व्हिडिओ मागवून घ्या." मला वाटलं, भाव वाढवायची नाटकं. २९ हजारवाल्याला त्याच संध्याकाळी ॲडव्हान्स पाठवला.

आता यात खोटं कोणीच बोललं नव्हतं, गंमत ती आहे. आपल्याकडे ‘दारात’ म्हणजे दारात. काळी सपाट जमीन, रुंद गल्ल्या, ट्रॅक्टर म्हटलं तर ओट्याला टेकवून उभा करतो. कोकणात रस्ता वरच्या वाडीत संपतो, तिथून घरं खाली उतरत जातात, आणि उतरायला असते पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये जेमतेम दोन माणसं. तिथल्या माणसाला ती इतकी सवयीची की तो तिला अडचण म्हणून मोजतच नाही. वहिनींसाठी रस्ता खरंच झाला होता. त्यांच्या लहानपणी एसटी स्टँडवरून चालत यावं लागायचं.

भरताना काय काय झालं ते सगळं सांगत नाही. गॅसचं सिलिंडर गाडीत घेणार नाहीत हे आधीच कळलं ते बरं झालं. कनेक्शन एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घेतलं की तिकडे नवीन मिळतं. ई-वे बिलाची भीती कोणीतरी घातली होती, ती फुकटची निघाली, वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. खरं भांडण झालं ते कूलरवरून. अण्णांचा मोठा पत्र्याचा कूलर, भुसावळच्या उन्हाळ्यात घरातला देव. वहिनी म्हणाल्या, "अहो, तिकडे तो काही कामाचा नाही." अण्णा म्हणाले, "हवा ती हवाच." आता, कूलर गार करतो ते पाणी सुकतं म्हणून. आपल्या कोरड्या हवेत गवताच्या जाळीवरचं पाणी झपाट्याने उडतं आणि झोत गार येतो. खाडीवर हवाच आधी ओली, तिथे पाणी उडणार कुठे? पण हे मला तिथे गेल्यावर समजलं. त्या दिवशी मीही अण्णांच्याच बाजूने होतो. कूलर चढला. मागोमाग आईचा पाटा-वरवंटाही चढला, कारण त्यावर वहिनी अडल्या.

सातशेच्या घरात किलोमीटर. संभाजीनगर, पुणे, उंब्रज, पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाटात ड्रायव्हरने गाडी अशी उतरवली की मी मागच्या कारमध्ये बसून त्याला मनातल्या मनात बक्षीस जाहीर केलं. सकाळी दहाला वाडीवर पोचलो. रस्ता संपला. समोर एक पिंपळ, एक देऊळ, आणि पिंपळाच्या बाजूने खाली जाणारी पाखाडी.

मी मोजल्या. १०४ पायऱ्या.

ड्रायव्हरने खाली उतरून पाहिलं, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, उतरवायची माणसं कुठे आहेत?" माणसं कंपनी देणार होती. कंपनीला फोन लावला तर उत्तर आलं, "तिथे लोकल लेबर मिळतं ना." कोकणातल्या वाडीवर, माघ महिन्यात, लोकल लेबर! धट्टीकट्टी पोरं मुंबईत. ती येणार शिमग्याला, नाहीतर गणपतीत. वाडीत त्या वेळी दहा-बारा म्हातारी माणसं, आणि तीही मदतीला येऊन उभी राहिली होती, म्हणून जास्त लाज वाटली. कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘गाडीपासून ५० फुटांपर्यंत’. पुढचं जादा. किती जादा? नऊ हजार. आणि तेही माणसं आम्ही शोधायची.

मी रस्त्यावर उभा राहून फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णा देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर शांतपणे म्हणाले, "आपण काय सांगितलं होतं त्यांना?"

तेव्हा पहिल्यांदा माझं तोंड बंद झालं.

माणसं मिळाली ती चिऱ्यांच्या गाडीवरची. वरच्या अंगाला कोणाचं तरी बांधकाम चालू होतं, तिथे जांभ्याचे चिरे उतरवायला विजापूरकडचे पाच जण होते. त्यांचा मुकादम आला, सामान पाहिलं, पाखाडी पाहिली आणि म्हणाला, फ्रीज आणि कपाट इथून नेणार नाही, बाकी दोन तासांत खाली. डोक्यावर फडक्याची चुंबळ, तिच्यावर खोकं, आणि हात सोडून पायऱ्या उतरत होती ती पोरं. मी केळीच्या हमालांना आयुष्यभर पाहिलंय. असं उतरणं पाहिलं नव्हतं.

राहिली जड धुडं. लोखंडी कपाट, फ्रीज, दिवाण, कूलर. शेजारच्या एका काकांची होडी होती. वहिनींना त्यांनी लहानपणी खेळवलेलं, त्यामुळे त्यांनी सूत्रं हातात घेतली. गाडी पाऊण किलोमीटर मागे जेटीवर न्यायची, तिथून माल होडीत घालायचा आणि थेट घराच्या मागच्या बाजूला आणायचा. मी म्हटलं, चला मग. ते माझ्याकडे बघून हसले. "चला कुठे? पाणी आहे का?"

खाली पाहिलं तर खरंच पाणी नव्हतं. ओहोटी लागलेली, घराच्या मागच्या पायरीपासून पुढे नुसता काळा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं. काकांनी बोटांवर हिशोब केला. त्या दिवशी माघ वद्य षष्ठी. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेदहाला पाणी तळाला, आता वळेल, पण अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी जोराची भरती, जवळ आलाय, पाणी चढून चढून किती चढणार? अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असतं तर बाराच्या सुमारालाच होडी पायरीला टेकली असती. आज साडेतीनच्या आधी नाव काढू नका. हे सगळं त्यांनी मोबाईल न काढता सांगितलं, आणि माझ्या मनात आलं की आपल्याकडे कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याचा एवढा पक्का हिशोब कोणी देऊ शकेल का? असो, विषय भरकटतोय.

पावणेचारला पाणी पायरीला लागलं. कपाटाला काथ्याचा दोर, त्यातून बांबू, चार माणसं. होडीत ते आडवं घातलं, फ्रीज मात्र काकांनी उभाच ठेवायला लावला आणि अण्णांना त्याला मिठी मारून बसवलं. त्या सबंध दिवसात अण्णा एवढे खूश मी पहिल्यांदा पाहिले. वहिनी मागच्या पायरीवर उभ्या. कपाट उतरवताना बांबू सरकला, आरसा गडग्याला लागला आणि खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला. कपाट वहिनींच्या लग्नातलं.

आता पैशांचं बोलतो. २९ हजार. चिरेवाल्यांना साडेचार, आणि ते मी खुशीने दिले. काका होडीचे घेत नव्हते, अण्णांनी बळेच दोन हजार दिले. गाडी दिवसभर अडकली म्हणून हॉल्टिंग तीन हजार. कंपनी नऊ मागत होती, घासाघीस करून पाचावर आली, कारण ड्रायव्हरला त्याच रात्री निघायचं होतं आणि बाकी सामान अजून गाडीतच होतं. झाले साडेत्रेचाळीस. आरसा वेगळा. ४६,५०० वाला आपली माणसं सोबत पाठवणार होता.

कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स’ म्हणूनही एक रक्कम होती. आरशाचं म्हटल्यावर पॉलिसी नंबर मागितला, तर म्हणाले, ते आमच्याकडेच असतं. म्हणजे पॉलिसी नव्हतीच. विमा कंपनीचा कागद आणि नंबर हातात नसेल तर तो विमा नव्हे, नुसता शब्द. आणि मी स्वतः काय केलं? अंधार पडत होता, ड्रायव्हर घाई करत होता, मी पोचपावतीवर ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’च्या खाली सही ठोकून दिली. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालाच्या पावतीवर, दोन ओळी लिहायला दहा सेकंद लागले असते. २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, नुकसानीचा दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, हे आमच्या वकील भाच्याने नंतर सांगितलं. माझी सही बघून तो जे हसला, ते मी विसरणार नाही.

मित्राला माझं म्हणणं एवढंच होतं. त्या कंपनीला मी चांगली म्हणणार नाही. घर न बघता फोनवर भाव देणारा माणूस नंतर जादा मागणार हे त्याला पहिल्या मिनिटालाच माहीत असतं. पण तिला तो चान्स मी दिला. स्वस्त आकडा यावा म्हणून आपण सगळेच थोडं थोडं लपवतो. तिसरा मजला सांगतो, लिफ्ट बंद आहे हे सांगत नाही. पंधरा खोकी सांगतो, निघतात अठ्ठावीस. सातशे किलोमीटरचा भाव कोणीही काढू शकतो, डिझेल आणि टोलचा हिशोबच तो. भाव खरा ठरतो शेवटच्या पाव किलोमीटरवर, आणि त्याच तुकड्याबद्दल आपण ‘दारात जाते’ म्हणून मोकळे होतो. श्रीवर्धनला तर एखादा मूव्हर्सवाला फेरीबोटीने पलीकडून जाऊ म्हणेल, मग मोठी गाडी बोटीत घेतात का, पाणी किती असताना घेतात, ते त्याच्यासमोर जेटीवर फोन लावून विचार. जावयाला आधी एकटं पाठव, रस्ता संपतो तिथून घरापर्यंत चालत व्हिडिओ काढायला लाव. पावसाळ्यात तर जाऊच नको. आणि उतरवणारी माणसं इथूनच गाडीबरोबर घे, त्यांच्या जेवणा-राहण्याचे पैसे दे, रडू नको.

मित्र म्हणाला, "एवढं कोण करतं राव, तू फक्त नंबर टाक."

मे महिन्यात मी जाऊन आलो. वहिनींनी कपाटाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातलेत, तरी खालच्या पट्टीला तांबेरा धरलाच आहे. आरशाचा तडा आता कोणाला दिसत नाही. बिबड्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा आम्ही भुसावळहून नेला होता, तो आठ दिवसांत मऊ पडला. कूलर मागच्या पडवीत आहे, त्याच्या टाकीत वहिनींनी अळू लावलंय, आणि ते भलतंच माजलंय. अण्णा त्या विषयावर बोलत नाहीत. सकाळी काकांबरोबर होडीत जातात आणि कुठली तिथी चालू आहे ते आम्हाला फोनवर सांगतात.

पाटा मात्र घरापर्यंत पोचलाच नाही. चिरेवाल्यांनी तो अर्ध्यावर, त्रेपन्नाव्या पायरीच्या वळणावर, दम खायला म्हणून टेकवला होता आणि तिथेच राहिला. वरवंटा तेवढा घरी आहे. पाखाडी चढणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्या पाट्यावर बसतात, पिशवी शेजारी ठेवतात आणि उठल्यावर चढू लागतात. वहिनी म्हणाल्या, राहू दे तिथेच.