तिसऱ्या बाळाचे 14 आठवडे

‘अमेरिकेने 2022 मध्ये गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल फिरवला, मग आपल्याकडचा 1971 चा गर्भपाताचा कायदा का रद्द होत नाही?’ ठाण्यातल्या पॅरिशच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, मंडळींचा हा प्रश्न इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनपर्यंत येऊन आदळतो. जोडीला ठरलेलं वाक्य: आपल्याकडे सगळं मोकाट सुटलंय.

मोकाट? कायदा एकदा उघडून तरी बघा. आपल्याकडे गर्भपात ही डॉक्टरला दिलेली सूट आहे, बाईने मागितला म्हणून मिळत नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 24 पर्यंत दोघांचं, तेही ठराविक गटांतल्या बायकांसाठी. पुढे फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. जीवच धोक्यात असेल तर मात्र आठवडे मोजत नाहीत. घोळ होतो तो बोर्डाच्या आधीच. व्यंग शोधायची सोनोग्राफी होते 18 ते 20 आठवड्यांत. शंका आली की पुन्हा सोनोग्राफी, बाळाच्या हृदयाची इको, गर्भजलाची तपासणी, तिच्या रिपोर्टची वाट. तेवढ्यात 24 उलटतात आणि बाई हायकोर्टात. इथे 12 आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं, 3 दिवस थांबायचं, परत जायचं.

की जुनं आयर्लंड हवंय? 2012 मध्ये गॉलवेत बेळगावची सविता हलप्पनवार, 17 आठवड्यांची गरोदर, जंतुसंसर्गाने गेली. गर्भ वाचणार नाही हे माहीत होतं, पण ठोके चालू होते, म्हणून गर्भपात केला नाही. नंतर बिशपांनी निवेदन काढलं की आईपेक्षा बाळाचा जीव मोठा, असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही. खरंय. पण तिच्या खाटेपाशी हे कोणी सांगितलं नाही. 2016 च्या जनगणनेत 78 टक्के कॅथलिक असलेल्या या देशाने 2018 च्या सार्वमतात 66 टक्के मतांनी राज्यघटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढलं.

गर्भधारणेपासून जीव मानायचा ना? मानूया. पण कुटुंबाचं भागेल इतकी मजुरी द्या, हे 1891 मध्ये पोप लिओ तेराव्यांनी लिहिलं, तेही याच चर्चचं. सध्याच्या पोपनी नाव घेतलंय ते त्यांचंच. आणि आपल्याकडे? बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोघांना 26 आठवडे, तिसऱ्याला 12. ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून घ्यायची तर आधीच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी-कालांत 70 दिवसांची वर्गणी हवी. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंत्राटी बाईच्या ठेकेदाराने ती भरलीच नसेल, तर तिने ऑफिसांचे खेटे घालायचे, तेही पोटुशी असताना. घरकामवालीला यातलं काहीच नाही. इथे पीआरएसआय, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, पुरेसा भरलेला असला की कितवं मूल ते विचारत नाहीत, 26 म्हणजे 26.

तिसरं पाडू नका म्हणणाऱ्या एकाही काकांनी त्या कापलेल्या 14 आठवड्यांसाठी खासदाराला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.

‘तिथे बसून बोलायला तुझं काय जातं,’ असं म्हणाल. म्हणा. वर दर वेळी ‘आपल्याकडे’ म्हणजे ठाणं आणि ‘इथे’ म्हणजे डब्लिन झालंय, हे लिहिताना ध्यानातही आलं नाही. भारतीय पासपोर्टवर इथे फक्त कौन्सिलचं मत देता येतं, 2018 च्या सार्वमतात नव्हतं. आणि ठाण्याच्या मतदार यादीत नाव असलं, तरी बूथवर जातीने हजर राहावं लागतं.