रँसच्या मुलींना विसरू नका

फ्रान्समधल्या महिला फुटबॉलवरच्या तुमच्या लेखात लिऑन क्लबच्या महिला संघाची आठ युरोपियन विजेतेपदं छान मांडलीत, पण तिथली गोष्ट थेट लिऑनपासून सुरू केलीत हे खटकलं. १९६८ साली फ्रान्समधल्याच रँस शहरात पिएर जोफ्रुआ या क्रीडा पत्रकाराने आपल्या वर्तमानपत्राच्या कार्यक्रमात करमणूक म्हणून मुलींचा फुटबॉल सामना ठरवला आणि खेळाडू हवेत अशी चक्क पेपरात जाहिरात दिली. आलेल्या पोरी मात्र मन लावून खेळायलाच आल्या होत्या! त्यांचा खेळ बघून त्याने संघ पुढे चालू ठेवला, स्वतः प्रशिक्षक झाला. महिला फुटबॉलला फ्रेंच फुटबॉल महासंघाची मान्यता आली ती १९७० मध्ये. नंतर १९७५ ते १९८२ या काळात रँसने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. या संघावर एक स्वतंत्र लेख लिहाच, अगदी मनापासून विनंती.